एका माणसाच्या दोन ट्यूबा: मुरमाच्या क्रीमचा इतिहास, लोणी भापकरहून

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथं अडखळलो ते काढून टाकलं, बाकी बोली तशीच ठेवलीय.

आमच्या लोणी भापकरचं नाव इतिहासाच्या ग्रुपवर निघालं की फोटो ठरलेले असतात. मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ, पुष्करणी, दगडातला यज्ञवराह. त्यावर भाग करा असे मेसेज बरेच येतात, आणि तो मी करणार आहे. पण आजचा इतिहास देवळाचा नाही. आज माझ्यासमोर दोन रिकाम्या ट्यूबा आहेत. एक २०२२ च्या उन्हाळ्यात मी वापरली. दुसरी आधी मी आणि मग माझ्या चुलत बहिणीनं, म्हणजे ताईनं. पहिलीनं माझं तोंड सोललं. दुसरीनं ताईचं दीड वर्ष खाल्लं. या दोन्ही ट्यूबांच्या मागं फिलाडेल्फियातला एकच माणूस आहे हे कळलं, तेव्हा मी फोन बाजूला ठेवून नुसता बसून होतो. ताईला विचारून, तिनं हो म्हटल्यावरच हे सांगतोय.

मुरमापासून सुरू करू. आपल्याकडं मुरूम दोन प्रकारचा. एक रस्त्यावर टाकतात तो, दुसरा तोंडावर येतो तो. त्यामुळं चिडवणाऱ्यांना काही शोधावं लागत नाही. "तोंडावर ट्रॉली पलटी झाली का रं?" हे मी बारावीपासून ऐकतोय. शाळेच्या पुस्तकातला शब्द तारुण्यपिटिका, पण तो कुणी तोंडानं म्हणताना मी ऐकलेला नाही. ही गोष्ट नवी मात्र नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत हा आजार आहे, आणि तिथं या पुळ्यांना काटेसावरीच्या काट्याची उपमा दिलीय. सावरीचं खोड ज्यानं जवळून बघितलंय त्याला ती लगेच पटेल. उपाय म्हणून लोध्र, वेखंड, सैंधव, मोहरी असे लेप सांगितलेत. क्षुद्र म्हणजे किरकोळ, असा वर्ग केला ज्यांनी त्यांना अठराव्या वर्षी आले नसावेत. असो.

माझी गोष्ट थोडक्यात. पोलीस भरतीची तयारी चालली होती. आमचा भाग तालुक्याचा जिरायती पट्टा. कॅनॉलच्या बागायती बारामतीचे फोटो बघून इकडं आलात तर गाव चुकलं असं वाटेल. सकाळी रनिंग, मग गोळाफेक, घरी येईपर्यंत ऊन डोक्यावर. घाम, धूळ, आणि गालावर मोठे दुखरे फोड. एका डॉक्टरांकडं गेलो. गर्दी होती. त्यांनी बघितलं, चिठ्ठी लिहिली, ट्रेटिनॉइनचं क्रीम दिलं. चिठ्ठीवर शब्द दोनच: रात्री लावणे.

औषध बरोबर होतं. पण माझा हिशोब असा की एकदा लावून इतका फरक पडणार असेल तर दोनदा लावून दुप्पट पडेल. सकाळी रनिंगच्या आधी आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा, पावडर थापल्यासारखं. आठवड्यात तोंड लाल. नाकाच्या कडेनं सालपटं निघायला लागली. ओठाच्या कोपऱ्यात चीर पडली, भाकरीचा तुकडा खाताना डोळ्यात पाणी. त्यातच सलूनला गेलो. दाढी झाल्यावर त्यानं नेहमीसारखी ओली तुरटी फिरवली आणि मी खुर्चीतून उठलोच. आई म्हणाली, "अरं, तोंडाला नेमकं काय फासलंस?" मी म्हणालो, "आग होतीय म्हणजे लागू पडतंय, आई."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण एकेकाळी हे वाक्य फक्त माझ्यासारख्यांचं नव्हतं. मोठमोठ्या डॉक्टरांचंही होतं.

आता मागं जाऊ. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन ही सगळी रेटिनॉईड घराण्यातली, आणि त्या घराण्याचं मूळ आहे जीवनसत्त्व अ. अंगणवाडीत लहान पोरांना चमच्यानं पाजतात ते, रातांधळेपणा येऊ नये म्हणून. आपल्या देशात तो कार्यक्रम १९७० चा. हे जीवनसत्त्व सापडलं १९१३ मध्ये, अमेरिकेत, मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस या दोघांना, लोण्यात आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात. १९३१ मध्ये पॉल कॅरर यांनी त्याची रचना सोडवली आणि पुढं १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळ्यांसोबत कातडीही बिघडते, कोरडी खरबरीत होते, केसांची छिद्रं बुजतात, हेही डॉक्टरांच्या नजरेत आलं होतं. मग कुणीतरी उलटा विचार करणारच: छिद्रं बुजणं हाच मुरमाचा मूळ प्रकार असेल, तर अ जीवनसत्त्व भरपूर दिलं तर? १९४३ मध्ये अमेरिकेतल्या स्ट्रॉमफर्ड नावाच्या डॉक्टरनं ते पोटातून मोठ्या डोसात देऊन बघितलं. फायदा दिसला. पण अ जीवनसत्त्व शरीरात साठतं. जास्त झालं की डोकं दुखतं, ओठ फुटतात, यकृताला त्रास होतो. म्हणजे पोटातून देणं अवघड. मग वरून लावता येईल का?

१९४६ मध्ये हॉलंडमध्ये जीवनसत्त्व अ चं आम्ल रूप प्रयोगशाळेत तयार झालं होतं. तेच ट्रेटिनॉइन. १९६२ मध्ये जर्मनीत ग्युंटर श्ट्युटगेन यांनी ते जाड, खवलेदार कातडीच्या आजारांवर लावून बघितलं. काम करत होतं, पण आग फार. औषध तिथंच अडलं असतं. ते पुढं नेलं अल्बर्ट क्लिगमन या माणसानं.

क्लिगमनची ओळख नीट करून द्यावी लागेल. जन्म १९१६, गरीब ज्यू स्थलांतरित घरातला, फिलाडेल्फियाचा. आधी बुरशीचा अभ्यासक, अळंबीची लागवड कशी करायची यावर त्याचं पुस्तक आहे. मग डॉक्टर झाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्वचारोगाचा प्राध्यापक. १९५१ मध्ये होम्सबर्ग नावाच्या शहरातल्या तुरुंगात कैद्यांच्या पायाला बुरशीची साथ आली, आणि बुरशीचा जाणकार म्हणून याला बोलावलं. तो आत गेला. पुढं १९६६ मध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना त्यानं त्या पहिल्या दिवसाचं वर्णन केलं, ते असं: समोर एकरच्या एकर कातडी दिसत होती, आणि सुपीक रान पहिल्यांदा बघणाऱ्या शेतकऱ्यासारखं त्याला वाटलं.

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. ही उपमा वाचून मला जे वाटलं ते इथं सभ्य भाषेत मांडता येणार नाही.

त्यानंतर १९७४ पर्यंत, वीसेक वर्षं, त्या तुरुंगात कैद्यांच्या पाठीवर, हातांवर, तोंडावर चाचण्या झाल्या. शाम्पू, पावडरी, औषधं, लष्करासाठीची रसायनं, इतकंच काय, डाऊ केमिकल या कंपनीसाठी डायऑक्सिनसारखं विषही. कैद्यांत कृष्णवर्णीय खूप. अनेक जण तर शिक्षा झालेलेही नव्हते, जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत खटल्याची वाट बघणारे. तुरुंगातल्या कामाला जे मिळायचं त्याच्या कितीतरी पट पैसे पाठ दिल्यावर मिळायचे. सही घेतली जायची. कशावर सही करतोय हे बहुतेकांना कुणी समजावलेलं नव्हतं. मुरमावरच्या ट्रेटिनॉइनचं काही कामही याच भिंतींच्या आत झालं.

१९६९ मध्ये क्लिगमन, जेम्स फुल्टन आणि गेर्ड प्लेविग या तिघांचा निबंध आला: मुरमांवर जीवनसत्त्व अ आम्ल वरून लावण्याचा. यातला फुल्टन स्वतः तरुणपणी मुरमांनी त्रासलेला. म्हणजे एकाच निबंधावर आरशात बघून संशोधनाकडं आलेला एक आणि रान बघून आलेला दुसरा. १९७१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली.

औषध खरंच क्रांतिकारक होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याआधी मुरमावर गंधक, सॅलिसिलिक आम्ल, बेंझॉईल पेरॉक्साईड, तोंडी अँटिबायोटिक एवढंच. ती बहुतेक वर आलेल्या फोडाशी भांडायची. ट्रेटिनॉइन त्याच्या आधीच्या पायरीवर काम करतं. फोड दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी एकमेकांना चिकटून बूच तयार करतात, आत तेल तुंबतं. रेटिनॉईड ते बूच बनू देत नाही, बनलेलं सैल करतं. म्हणून ते फोडावर टिपका देऊन लावायचं नसतं, सगळ्या भागावर पातळ लावायचं असतं. आणि म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत आतले तयार बूच भराभर वर येतात आणि मुरूम वाढल्यासारखे वाटतात. नेमकं तेव्हाच आपण ट्यूब फेकतो. फरक बघायला साधारण १२ आठवडे लागतात, हे त्या चिठ्ठीवर कुठं होतं?

आता त्या आगीकडं येऊ. सुरुवातीची द्रावणं अल्कोहोलमधली, तीव्र. चेहरा लाल झाला, सोलला, तरच औषध नीट चाललंय अशी त्या वेळची समजूत होती. कातडी सोलली की बूचही निघतं, असा सरळ हिशोब. म्हणजे १९६९ मध्ये फिलाडेल्फियात आणि २०२२ मध्ये लोणीत एकच तर्क चालू होता. फरक एवढाच की मी तो माझ्या स्वतःच्या तोंडावर चालवला.

तो तर्क मोडायला १८ वर्षं लागली. १९८७ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स आणि फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ, या दोघांच्या गटांना वेगवेगळं काम करत असताना एकाच सुमारास पेशीच्या केंद्रकात रेटिनॉइक आम्लाचा ग्राहक सापडला. सोप्या भाषेत, हे औषध कातडी जाळत नाही. ते पेशीच्या आत जाऊन कुठली जनुकं चालू ठेवायची आणि कुठली बंद, याची कळ फिरवतं. १९९५ चा एक अभ्यास आहे, तो मुरमांवरचा नाही, उन्हानं सुरकुतलेल्या त्वचेवरचा, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ०.१ टक्के आणि ०.०२५ टक्के अशी दोन क्रीमं ४८ आठवडे लावली. फायदा दोन्हीचा जवळपास सारखा. लालपणा आणि सालपटं मात्र तीव्र क्रीमला कितीतरी जास्त. म्हणजे आगीचा आणि गुणाचा एकमेकांशी तेवढा संबंध नाही. पुढचा सगळा रेटिनॉईडचा इतिहास हा ती आग कमी करण्याचा इतिहास आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत ॲडापलीनला मंजुरी मिळाली, फ्रान्समध्ये शोधलेलं, त्वचेला सौम्य आणि उजेडात न बिघडणारं. १९९७ मध्ये ट्रेटिनॉइन बारीक सच्छिद्र गोळ्यांत भरून हळूहळू सोडणारं जेल आलं. २०१६ मध्ये तर ०.१ टक्के ॲडापलीन अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळायला लागलं. तिथलं ऐकून आपण इथं तसं करू नये, का ते येतंच आहे.

कारण दुसरी ट्यूब.

तोंड सोललेलं, दहा दिवसांवर एका मित्राचं लग्न. तालुक्यातल्या एका मेडिकलमध्ये गेलो, रुमाल बाजूला करून दाखवलं. काउंटरवरच्या माणसानं मागं वळून एक छोटी ट्यूब काढली. "हे लाव. आग होणार नाही, डागपण जातील." चिठ्ठी ना विचारपूस. आणि मंडळी, काय सांगू, खरंच आग गेली. तीन दिवसांत लाली उतरली, आठवड्यात तोंड उजळलं. लग्नातल्या फोटोत मी ओळखू येत नाही. मला तो माणूस देव वाटला.

ताईनं फोटो बघितला. तिच्या गालावर मुरमांचे जुने काळे डाग होते आणि घरात स्थळं बघणं चालू झालं होतं. काकीचा रोजचा धोशा. ताई म्हणाली, "मला पण दे की रं थोडी." मी उरलेली अर्धी ट्यूब तिला दिली. वर सांगितलं, "ताई, तू बिनधास्त लाव, हिला आग होत नाही." हे माझे शब्द आहेत. मेडिकलवाल्यावर ढकलायला मला आवडलं असतं.

माझी ट्यूब संपली, मी भरतीच्या नादात पुढं लावली नाही. काही दिवस तोंड लाल झालं, फोड आले, मग कमी झाले. सुटलो. ताई मात्र एकामागून एक ट्यूबा आणत राहिली, जवळपास आठ महिने. लावलं की तोंड छान, दोन दिवस चुकलं की आग. मग चुलीसमोर बसलं की तोंड पेटायचं. शेतात जाताना स्कार्फ. गालावर बारीक लाल रेषा दिसायला लागल्या, कानाजवळ लव वाढली, आणि ज्या मुरमांसाठी सगळं केलं ते आधीपेक्षा जास्त. तिला वाटायचं क्रीम कमी पडतंय. म्हणून अजून लावायची. दोनदा बघण्याचा कार्यक्रम पुढं ढकलला. तिसऱ्या वेळी पाहुणे आले तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही.

शेवटी बारामतीला एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडं गेलो, मी सोबत होतो. मॅडमनी ट्यूब मागितली. पुढचं नाव वाचलंच नाही, उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्यासमोर धरली. "वाच." हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

ट्रेटिनॉइन! ज्याला घाबरून मी पळालो तेच याच्यातही होतं. मग आग का झाली नाही? कारण मोमेटासोन हे स्टेरॉईड आहे. ते आग दाबतं. ट्रेटिनॉइन कातडीला डिवचत होतं, हायड्रोक्विनोन रंग उतरवत होतं, आणि स्टेरॉईड त्या दोघांच्या तक्रारी वर येऊ देत नव्हतं. आठ महिने दाबलेली कातडी पातळ झाली, रक्तवाहिन्या दिसायला लागल्या, आणि स्टेरॉईड चुकलं की सगळं एकदम उसळायचं. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या क्रीमनं तक्रार केली, म्हणून तू थांबलास. हिच्या क्रीमनं तक्रार करू दिली नाही."

घरी येऊन मी या तीन औषधांची जोडी कुणी जमवली ते शोधत बसलो, आणि १९७५ चा एक निबंध निघाला. लेखक अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस. मिश्रण: ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्के ट्रेटिनॉइन, ०.१ टक्के डेक्सामेथासोन. विषय: माणसाच्या कातडीचा रंग काढण्याचं नवं सूत्र. कृष्णवर्णीयांच्या चांगल्या, निरोगी कातडीवर ते लावून रंग काही आठवड्यांत कसा उतरतो हे त्यात दाखवलंय. स्टेरॉईड घालण्यामागं एक कारण तेव्हाही हेच, बाकीच्यांची चिडचिड कमी व्हावी. जगभर याला क्लिगमन सूत्र म्हणतात. आपल्याकडं डेक्सामेथासोनच्या जागी मोमेटासोन आलं आणि टक्के कमी झाले, घराणं तेच.

न्यायानं बोलायचं तर हे मिश्रण वांगासाठी, म्हणजे गालावरच्या त्या तपकिरी पट्ट्यांसाठी, डॉक्टर ठरावीक दिवस देतात आणि त्याचा उपयोग होतो. अमेरिकेत २००२ मध्ये अशाच एका तिहेरी क्रीमला मंजुरी मिळाली ती ८ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी. ताईनं आठ महिने लावलं, आणि तिला वांग नव्हताच.

ती एकटी नव्हती. २०११ मध्ये आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या १२ केंद्रांवरचा एक अभ्यास छापला. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २९२६ जणांत ४३३ जण तोंडाला स्टेरॉईड लावत होते. त्यातले सुमारे २४ टक्के मुरमांसाठी, २९ टक्के गोरेपणासाठी किंवा असंच रोजचं क्रीम म्हणून. निम्म्याहून जास्त लोकांना ते सुचवणारा डॉक्टर नव्हताच. गंमत अशी की कायद्यात तेव्हा फट होती. स्टेरॉईडच्या गोळीला चिठ्ठी लागायची, पण अंगाला लावायच्या मलमांना त्या यादीतून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बरीच वर्षं पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉईड मलमांची ती सूट काढली. म्हणजे ताईनं जेव्हा एकामागून एक ट्यूबा आणल्या तेव्हा नियम होऊन चार वर्षं झाली होती. ट्यूबेवर चौकोनात इशाराही छापलेला होता. आम्ही कुणी तो वाचला नव्हता, मी धरून.

ताईचं पुढं सांगतो, सगळे तेच विचारताय. मॅडमनी तिला घाबरवलं नाही. स्टेरॉईड कसं सोडवायचं ते त्यांनी टप्प्यानं ठरवलं, सोबत काही गोळ्या, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि दुसरं काही म्हणजे काही नाही. हळद, साय, डाळीचं पीठ, लिंबू, सगळं बंद. आजी नाराज झाली. पहिले दोन महिने वाईट गेले. तोंड सुजायचं, रात्री ओला पंचा तोंडावर ठेवून ती बसायची. एकदा मला म्हणाली, "तू दिली नसतीस तर मी कुणाकडून तरी घेतलीच असती." ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली हे मला कळतं. साधारण दहा महिन्यांनी कातडी शांत झाली.

आणि मग, हे मला सगळ्यात विशेष वाटतं, मॅडमनी तिच्या मुरमांसाठी काय दिलं? रेटिनॉईड. ॲडापलीन, एकटं. तेच घराणं. फक्त या वेळी कागदावर दोन शब्दांच्या जागी पूर्ण पान होतं. ते पान ताईनं फ्रीजवर चिकटवलंय, त्यातलं जेवढं मला आठवतं ते सांगतो. हे तिच्या कातडीसाठी दिलेलं, तुमच्यासाठी तुमचे डॉक्टर.

पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. त्रास नाही झाला तर एक दिवसाआड, मग रोज. साध्या फेसवॉशनं तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं, आणि वीस मिनिटं थांबायचं, कारण ओल्या कातडीत ते जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. काकी म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय, अर्धा गालपण भरायचा नाही." भरतो. पाच टिपके देऊन पसरायचं. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीचा कोपरा, ओठांचे कोपरे सोडून. कातडी फारच नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझरचा थर, मग औषध, वरून परत मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन आणि उन्हात ओढणी किंवा टोपी. अप्पर लिप, वॅक्सिंग त्या दिवसांत नाही, वरची कातडीच निघून येते. पोरांनो, तुमच्यासाठी तुरटी आणि आफ्टरशेव्ह त्यातच आलं. स्क्रब नाही. बेंझॉईल पेरॉक्साईड ट्रेटिनॉइनसोबत एकाच वेळी नाही, ट्रेटिनॉइन त्यानं बिघडतं. ॲडापलीनला ते चालतं, पण डॉक्टर सांगतील तेव्हाच. दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर रेटिनॉईड बंद, आणि डॉक्टरांना आधी सांगायचं. या घराण्यातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग आणू शकते. क्रीम तेवढं शरीरात जात नाही, तरी ही खबरदारी घेतात.

थोडं कोरडं पडणं, बारीक सालपटं, किंचित चुणचुण, हे पहिल्या काही आठवड्यांत होतं. तेव्हा एक-दोन रात्री सोडायच्या आणि पुन्हा सावकाश सुरू करायचं. पण सूज, पाणी सुटणं, फोड येणं, चिरा पडणं झालं तर थांबायचं आणि दाखवायला जायचं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत भाजलेल्या जागेचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणजे मुरमाचा डाग घालवायला गेलो आणि औषधाचा घेऊन आलो, असं होतं. माझ्या नाकाशेजारी एक अजून आहे.

क्लिगमनचं काय झालं? २०१० मध्ये, ९३ व्या वर्षी तो गेला, मानमरातब घेऊन. २००० मध्ये जवळपास ३०० माजी कैद्यांनी खटला भरला होता. फार उशिरा आलात म्हणून कोर्टानं तो काढून टाकला. ऑगस्ट २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेनं माफी मागितली आणि त्याच्या नावाची व्याख्यानमाला व प्राध्यापकपद त्या नावानं चालवणं थांबवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहरानं माफी मागितली. त्याच महिन्यात इथं ताई तिची कितवीतरी ट्यूब पिळत होती.

मला विचारतात, मग ते क्रीम वापरायचं की नाही? ताई वापरते. मीसुद्धा आता वापरतो, आठवड्यातून चार रात्री. ट्यूब पिळताना मला ती होम्सबर्गची पाठ आठवते, रोज नाही, पण कधीकधी. ज्यांच्या कातडीवर हे शिकलं गेलं त्यांच्यापैकी बहुतेकांची नावंही छापलेली नाहीत.

पुढच्या भागात यज्ञवराह नक्की. तोपर्यंत या भागावर प्रश्न असतील तर पाठवा. ट्यूबेचा फोटो पाठवणार असाल तर मागच्या बाजूचा पाठवा, पुढच्या बाजूचा नको. मी डॉक्टर नाही, उत्तर देणार नाही, पण त्यात स्टेरॉईडचं नाव असलं तर तेवढं वाचून दाखवीन, आणि मग तुम्ही दवाखान्यात जा. ताईनं सांगायला सांगितलंय की लावत असलेलं एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.